आमचं पोर, दोन वर्षांपुरतं

कोरियन मालिकेतला साहेब कसा असतो, हे आता आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. सहा फूट उंची, पोटरीपर्यंत ओव्हरकोट, आजोबांनी काढलेली कंपनी आणि काम काडीचं नाही. पाऊस आला की छत्री घेऊन हजर, नायिकेचा पाय मुरगळला की पाठीवर घ्यायला हजर; एक्सेलची शीट उघडून बसलेला मात्र तो कधी दिसत नाही. नायिका बहुधा त्याची सेक्रेटरी असते. शेवटच्या भागात दोघांचं जमतं आणि कंपनीच्या ताळेबंदाचं काय झालं ते कुणी विचारत नाही. डोंबिवलीपासून सांगलीपर्यंतच्या मुली या मालिका सबटायटल वाचत रात्री दोनपर्यंत बघतात. सकाळी ऑफिसात जाऊन त्या आपल्या साहेबाकडे बघतात, तेव्हा त्यांच्या मनात जे येतं त्याला सबटायटल नसतं.

‘मिसेंग’मधला साहेब या गोतावळ्यात बसत नाही. ओ सांग-शिक त्याचं नाव. एका मोठ्या ट्रेडिंग कंपनीतल्या सेल्स टीम क्रमांक तीनचा मॅनेजर. डोळे कायम तांबारलेले. थोडे जागरणाने, थोडे दारूने, आणि उरलेले वरच्यांना काय वाटेल याच्या काळजीने. बढती अडकलेली, शर्ट चुरगळलेला, ओव्हरकोट असलाच तर खुर्चीवर टाकलेला. त्याच्या प्रेमात कुणी पडत नाही. खरं तर वीस भागांत कुणीच कुणाच्या प्रेमात धड पडत नाही. कोटेशन पाठवायचं असताना एवढा वेळ कुणाला आहे?

ही मालिका टीव्हीएन वाहिनीवर १७ ऑक्टोबर ते २० डिसेंबर २०१४ या काळात दर शुक्रवारी-शनिवारी दाखवली गेली. मूळ गोष्ट युन ते-हो यांच्या वेबटूनची, म्हणजे मोबाइलवर वाचायच्या चित्रकथेची. नायक जांग ग्रे, वय २६. पोराने लहानपणापासून बादुक खेळण्यात जन्म काढला. बादुक म्हणजे जपानी लोक ज्याला गो म्हणतात तो काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ, आणि ‘मिसेंग’ म्हणजे त्यातली अजून जगली की मेली हे न ठरलेली सोंगटी. व्यावसायिक खेळाडू व्हायचं हुकलं, वडील गेले, कॉलेज नाही, बारावी बाहेरून परीक्षा देऊन. अशा पोराला कुणाच्या तरी शब्दावर कंपनीत उमेदवारी मिळते. आपल्या भाषेत वशिल्याचं तट्टू. फरक एवढाच, की आपल्याकडच्या तट्टाला केबिन मिळते आणि या बिचाऱ्याला खारवलेल्या माकुळाच्या ढिगात हात घालायला पाठवतात.

आता तो डिंकाचा प्रसंग. मालिका पाहिलेल्या माणसाला दुसरं काही आठवलं नाही तरी हा आठवतो. दुसऱ्या टीमचा एक उमेदवार डिंक शोधत तिसऱ्या टीमच्या टेबलाशी येतो. त्याच्या हलगर्जीपणात इथला एक कागद चिकटून बाहेर जातो आणि खाली लॉबीत पडतो. कंपनीचा कागद, तोही लॉबीत! आणि तो सापडतो नेमका बड्या साहेबाला. बडा साहेब ओ सांग-शिकला झापतो, ओ सांग-शिक जांग ग्रेला झापतो. ऑफिसातला कागद वर जायला तीन सह्या लागतात; शिव्या खाली यायला एकही लागत नाही. चूक कुणाची हे नंतर कळतं, पण ‘माझं चुकलं’ म्हणायची पद्धत त्या मजल्यावर नाही, आणि आपल्याही मजल्यावर नाही. मग रात्री तर्र झालेला ओ सांग-शिक त्या दुसऱ्या टीमच्या मॅनेजरला रस्त्यात गाठतो आणि बरळतो, की तुमच्या पोराने डिंक सांडला आणि बोलणी आमच्या पोराला बसली. आमचं पोर! जांग ग्रे जागच्या जागी उभा राहतो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणीतरी आपल्यात धरलेलं असतं. तो रडतो. कोरिया रडला. रत्नागिरी, नांदेड आणि हिंजवडी फेज तीन इथलेही बरेच लोक हेडफोन लावून रडले.

मी मात्र ‘आमचं पोर’ या शब्दांचा हिशेब मांडला. कंपनीला खर्च: शून्य. भविष्यनिर्वाह निधी लागू नाही, ग्रॅच्युइटी लागू नाही, जीएसटी नाही. बदल्यात पोरगा पुढचे अठरा भाग रात्री अकरापर्यंत थांबतो. जगातल्या कुठल्याही मनुष्यबळ विभागाला याहून किफायतशीर योजना आजवर सुचलेली नाही. इतकी वर्षं ते उगाच दिवाळीला मिठाई वाटत बसले.

मिठाईवरून आठवलं. चांद्र नववर्षाला कोरियात कंपन्या भेटीचे खोके वाटतात. मालिकेत कायम नोकरांना मिळतो हॅमच्या डब्यांचा खोका. जांग ग्रेला मिळतो खाद्यतेलाचा. तो करारावर आहे ना, दोन वर्षांच्या. काम तेच, टेबल तेच, शिव्या त्याच मापाच्या. फक्त खोका उघडला की आपण कोण ते कळतं. आपल्याकडच्या ऑफिसांत सोनपापडी सगळ्यांना सारखी देतात आणि फरक पाकिटात करतात, हा आपल्या संस्कृतीचा मोठेपणा. तेलाचा खोका घेऊन घरी आलेल्या पोराच्या आईला काय वाटतं ते दिग्दर्शक किम वॉन-सक यांनी फार काही न बोलता दाखवलंय. नवी कोरी भेट बघून आई खूश असते, आणि तेच बघवत नाही.

कोरियातही करारावरच्या कामगारांसाठी कायदा आहे, आणि तो त्यांच्या भल्यासाठीच केलेला आहे. २००७ पासून नियम असा, की कराराच्या माणसाला दोन वर्षांहून जास्त राबवलं तर त्याला कायम धरावं लागतं. कंपन्यांनी या कायद्याचा फार मनापासून आदर केला. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत त्या माणसाला हसतमुखाने निरोप देऊ लागल्या. जांग ग्रेने कितीही सौदे जुळवून दिले, जॉर्डनला जुन्या गाड्या निर्यात करण्याच्या व्यवहारातला एका मॅनेजरचा गैरव्यवहार उघडा पडल्यावर तोच बुडालेला धंदा पुन्हा उभा करायची कल्पना मांडली, तरी त्याच्या कोपराला लावलेला गूळ त्याच्या जिभेपर्यंत पोहोचत नाही. ओ सांग-शिकलाही तो गूळ दाखवतात: चीनचं एक अवघड प्रकरण अंगावर घे, मग तुझ्या पोराचं बघू. तो घेतो. प्रकरण शेकतं. शेवटी साहेबच राजीनामा देऊन बाहेर पडतो, एका जुन्या वरिष्ठाबरोबर छोटीशी कंपनी थाटतो आणि करार संपलेल्या पोराला तिथे घेतो. म्हणजे कंत्राटी माणूस कायम होण्याची मालिकेला सापडलेली एकमेव पद्धत ही, की आधी त्याच्या साहेबाची नोकरी जावी. आपल्या कंत्राटी बांधवांनी ही पद्धत मनातल्या मनात केव्हाच मंजूर केली असेल.

बायकांचं प्रकरण स्वतंत्र सदराचं आहे, इथे धावतं बोलतो. आन यंग-ई ही उमेदवारांत सर्वांत हुशार. म्हणून तिच्या टीमचे पुरुष तिच्याकडून आधी किरकोळ वरकामं करून घेतात, म्हणजे हुशारी ताब्यात राहते. सन जी-यंग ही मोठ्या हुद्द्यावरची बाई. तिची मुलगी पाळणाघरात आईचं चित्र काढते आणि चेहऱ्याच्या जागी काही काढतच नाही. उपहास करायला बसलो होतो, पण या चित्रावर मला काही सुचलं नाही.

मालिका अशी रंगात आलेली असताना वास्तवाने तिच्याशी स्पर्धा सुरू केली. ५ डिसेंबर २०१४. वार शुक्रवार, म्हणजे मालिकेचाच. न्यू यॉर्कच्या विमानतळावर कोरियातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीचं विमान धावपट्टीकडे निघालेलं. पहिल्या वर्गात बसलेल्या उपाध्यक्ष बाई, योगायोगाने मालकांच्या कन्या, यांना मॅकाडेमिया नावाचा सुकामेवा बशीत काढून न देता पिशवीत दिला. बाईंनी विमान परत फिरवायला लावलं आणि मुख्य कर्मचाऱ्याला खाली उतरवलं. लेखकांनी हा प्रसंग मालिकेत घातला असता तर वाहिनीने ‘अतिरंजित’ म्हणून कापला असता. पुढे बाईंना काही महिने तुरुंगात काढावे लागले आणि २०१९ मध्ये कोरियात कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध कायदाही आला. शेंगदाणे असते तर कदाचित एवढं झालं नसतं. आपल्याकडे तर शेंगदाणे पुडीतच बरे लागतात.

पण खरी कमाल केली सरकारने. मालिका संपून दहा दिवस होतात न होतात तोच श्रम मंत्रालयाने सुधारणा सुचवली: कंत्राटी कामगारांना दोनऐवजी चार वर्षं करारावर ठेवता यावं. या प्रस्तावाचं बारसं झालं, ‘जांग ग्रे कायदा’. पोरगा वीस भाग कशासाठी झुरला? कायम व्हायला. सरकारला काय ऐकू आलं? याला अजून दोन वर्षं करारावर राहायचंय. त्यातली बारीक अक्षरं आणखी मजेची. सवलत फक्त ३५ वर्षांवरच्यांना होती. जांग ग्रेचं वय २६. म्हणजे ज्याच्या नावाने कायदा, त्यालाच तो लागू नाही. एवढ्यावर थांबतं ते मंत्रालय कसलं? २०१५ मध्ये श्रम सुधारणांच्या सरकारी जाहिरातीत जांग ग्रेचं काम करणारा नट इम शी-वान यालाच उभं केलं. लोक खवळले, मूळ कथाकार युन ते-हो यांनी आपल्या पोराचं नाव असं वापरल्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. चार वर्षांचा तो प्रस्ताव पुढे बारगळला. नटाला मानधन मिळालं असावं. कायम नोकरांच्या दराने की कराराच्या, ते कळायला मार्ग नाही.

आपण हसावं का? सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा आदेश काढला आणि महाराष्ट्रभर ओरड झाल्यावर ऑक्टोबरात रद्द केला. दोन वर्षांचा करार ही तर आपल्याकडे चैन. आपला माणूस अकरा महिने, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा अकरा महिने, असा वर्षानुवर्षं तात्पुरता असतो. काही जण निवृत्तीच्या वयापर्यंत तात्पुरते राहिलेत, तेही न रडता.

तासांच्या बाबतीत मात्र आपण कोरियाला मागे टाकलं, हे अभिमानाने नोंदवलं पाहिजे. तिथे २०१८ च्या कायद्याने आठवड्याची मर्यादा ६८ तासांवरून ५२ वर आणली. मार्च २०२३ मध्ये सरकारने घाईच्या आठवड्यात ६९ तासांची मुभा द्यायचं काढलं, तर तरुण नोकरदार असे उसळले की राष्ट्राध्यक्षांनी फेरविचाराचा आदेश दिला. कोरियन माणूस ६९ वर दमला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी ७० ची बोली लावली, आणि जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी ती थेट ९० वर नेली. वर रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ टक लावून बघणार, अशी पृच्छाही केली. आठवड्याला तास १६८ असतात. बोली चढायला अजून भरपूर वाव आहे.

आणि सोल फार लांब आहे असं समजू नका. मालिकेतली ‘वन इंटरनॅशनल’ ही कंपनी काल्पनिक, पण तिचं चित्रीकरण सोल रेल्वे स्टेशनसमोरच्या ज्या इमारतीत झालं ते एके काळचं देवू समूहाचं मुख्यालय. त्या समूहातली देवू इंटरनॅशनल ही ट्रेडिंग कंपनी २०१० मध्ये पोस्कोने घेतली, आणि पोस्कोचा पोलादाचा कारखाना आपल्या माणगावजवळ विळे-भागाडच्या एमआयडीसीत आहे. तेव्हा जांग ग्रेचे लांबचे नातेवाईक कोकणात सापडतात म्हणायला हरकत नाही.

एवढं सगळं झाल्यावर वाटतं, की ही मालिका लोकांनी घरी चोरून बघण्यापेक्षा कंपन्यांनीच अधिकृतपणे दाखवावी. परिपत्रकाचा मसुदा मी फुकट देतो. सर्व विभागप्रमुखांना कळवण्यात येते की, ‘मिसेंग’ या प्रेरणादायी मालिकेचे प्रदर्शन कॉन्फरन्स रूममध्ये कार्यालयीन वेळेनंतर करण्यात येईल. उपस्थिती ऐच्छिक असून अनुपस्थितांची नावे नोंदवून ठेवण्यात येतील. रडू आल्यास टिश्यू पेपर स्वतःचे आणावेत. महिला कर्मचाऱ्यांनी चहाची व्यवस्था पाहावी. कायम कर्मचाऱ्यांना सर्व वीस भाग दाखवावेत. कंत्राटी कर्मचाऱ्यांना मात्र ‘आमचं पोर’पर्यंतचेच दोन भाग दाखवून त्यांचे डोळे ओले असतानाच उपस्थिती-पत्रकावर सह्या घ्याव्यात. उरलेले अठरा भाग करार वाढल्यास.