भुताचं लगीन

शाळेच्या हस्तलिखिताचा संपादक अक्षरावर ठरतो. ज्याला सुचतं त्याचं अक्षर हमखास गिचमिड, आणि ज्याचं वळणदार त्याला ‘पावसाळा’पलीकडे काही सुचत नाही. म्हणून एकानं सांगायचं, दुसऱ्यानं उतरवायचं, तिसऱ्यानं स्केचपेननं वेलबुट्टी काढायची आणि लेखाखाली नाव कुणाचं यावर सगळ्यांनी भांडायचं.

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकात सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलं. सरांनी हे सांगितलं तेव्हा आम्हाला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. एवढी जागा, आणि वाटेकरी कुणी नाही!

आमच्या बीडकडे वाटेकरी मधेच उठूनही जातात. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत मुक्काम उसाच्या फडातच. घरी आजी असली तर पोरगं मागे राहतं, नाहीतर संपादक मंडळ उघडं पडतं. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. राबणारी माणसं दोन, हिशेबात कोयता एक. आमच्या लेखांचंही तसंच होतं. नाव बहुधा अक्षरवाल्याचं लागायचं.

एका वर्षी विहिरीवरच्या लिंबातलं भूत कंदील घेऊन दाराशी आलं, आणि तेवढ्यात ते सांगणारा गडी ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्याला गेला. उरलेल्यांनी एकेक परिच्छेद वाटून घेतला. पहिला भित्रा, त्यानं भुताला पाणी विचारलं. दुसऱ्यानं त्याला क्रिकेटमध्ये घेतलं. पाय उलटे, त्यामुळे गोलंदाजी करताना ते पंचाकडं न जाता घराकडं पळायचं. तिसऱ्याच्या बहिणीचं नुकतंच लग्न झालेलं, त्यानं भुताला हळद लावली आणि जेवणावळीवर दीड पान खर्ची घातलं. शिवण्याआधी सगळं एकत्र वाचलं तेव्हा, आयुष्यात प्रथमच, नावावरून भांडण झालं नाही. प्रत्येकानं मोठ्या मनानं आपलं नाव मागं घेतलं आणि खाली एकट्या मूळ लेखकाचं घातलं.

एप्रिलमध्ये तो परतला. उन्हानं रापलेला, उंची वाढलेली. हस्तलिखित हातात घेऊन त्यानं उभ्या उभ्या सगळं वाचलं.

“मह्या भुताचं लगीन कुनी लावलं रं?”

कुणी बोलेना. मग त्यानं संपादकाचाच पेन मागून घेतला, आपलं नाव खोडलं आणि तिथं गिचमिड अक्षरात संपादकाचं लिहिलं.