बर्गरचा सोवळा अवतार

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झर यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात कार्यक्षमता, मोजदाद, ठरीवपणा आणि नियंत्रण ही झटपट खाद्यगृहांची चार तत्त्वे सांगून, साऱ्या समाजाचा कारभार त्यांनुसार चालू लागण्याच्या प्रक्रियेला ‘मॅकडोनाल्डीकरण’ असे नाव दिले. या मांडणीत सोवळ्याओवळ्याला जागा नव्हती. ती भारताने करून दिली.

१९९६ साली दिल्ली आणि मुंबईत दाखल होताना, गोमांसाच्या बर्गरवर जगभर साम्राज्य उभारलेल्या मॅकडोनाल्ड्स कंपनीने गोमांस वर्ज्य केले, त्यासोबत डुकराच्या मांसालाही रजा दिली, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांच्या चुली, भांडी व आचारी वेगळे केले आणि ज्याचा जीवच अंड्यात असतो ते मेयोनीजसुद्धा बिनअंड्याचे करून दाखवले. घरोघरच्या आजेसासवांना पिढ्यानपिढ्या धाक दाखवूनही जे पुरते साधले नाही, ते बाजारपेठेच्या ओढीने निमूटपणे साधले. पुढे टिक्कीत बटाटा आला आणि बर्गर पंक्तिपावन झाला.

खरी पंचाईत अर्थशास्त्राची झाली. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाने १९८६ मध्ये बिग मॅक निर्देशांक सुरू केला. एकाच बर्गरच्या निरनिराळ्या देशांतील किमती ताडून कोणते चलन वाजवीपेक्षा महाग वा स्वस्त आहे, हे त्यावरून ठरवायचे. बर्गर सर्वत्र सारखा असणे ही त्यातील पूर्वअट. परंतु भारतात गोमांसाचा बिग मॅकच नसल्यामुळे त्याच्या जागी कोंबडीचा महाराजा मॅक धरावा लागला, आणि डॉलरच्या गायीसमोर रुपयाची कोंबडी उभी राहिली. विनिमयदराच्या इतिहासात इतकी चविष्ट तडजोड क्वचितच झाली असेल.

अर्थात, परदेशी खाद्य पचवण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. वडापावातील बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या, त्या पोर्तुगिजांच्या व्यापारातून इकडे पोचल्या आणि पावही त्यांच्याच संगतीने रुजला. एवढे समुद्र ओलांडून आलेल्या या ऐवजाला बेसनात घोळून अस्सल मराठी ठरवताना कोणीही परिसंवाद भरवला नाही. शिवाय रिट्झर यांची चारही तत्त्वे स्टेशनाबाहेरच्या गाडीवर विनासायास नांदतात: लोकल सुटण्याच्या आत पाव चिरून, चटणी फासून, वडा दाबून हातात पडतो, ही कार्यक्षमता, एका पावात एकच वडा, ही मोजदाद, डोळ्यांतून पाणी येणारच, हा ठरीवपणा. नियंत्रणाविषयी तर बोलायलाच नको, कारण गिऱ्हाइकाने ‘तिखट कमी’ असे कितीही बजावले तरी लसणीच्या चटणीचा चमचा गाडीवाल्याच्या हाती असतो आणि तो आपल्या मतानेच चालतो.