ते टाकू नका!

हल्ली प्रत्येक सोसायटीत एक कोलाजकाकू असतात. वय पन्नाशी ओलांडलेलं, बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडलेली, मुलगा अमेरिकेत नाहीतर हिंजवडीत. कोथरूडहून दोन्ही सारखंच लांब. ओळखायची खूण म्हणजे बोटं. नखांच्या कडेला वाळलेला फेविकॉल असतो आणि बोलता बोलता काकू त्याची साल काढत असतात. त्यांच्या वयाच्या बायका आधी लोकरीचं विणायच्या, मग किटल्यांवर वारली चित्रं काढायला लागल्या. काकू या सगळ्यातून तावून-सुलाखून आर्ट जर्नलपर्यंत पोचल्या आहेत.

कुणाच्या घरी गेल्या की त्या माणसांकडे नंतर बघतात. आधी मिठाईच्या खोक्यातला सोनेरी कागद, मग फळांवरचे स्टिकर, मग यजमानांचे कुशल. काका रोज रक्तदाबाची गोळी घेतात. गोळीचं नाव काकूंना सांगता येणार नाही, पण तिच्या खोक्यातला घडीचा कागद किती तलम असतो आणि त्यावर पातळ निळा हात मारला की बारीक अक्षरं कशी उठून दिसतात, हे त्या झोपेतही सांगतील. घरात कुणी कचऱ्याच्या डब्याच्या दिशेनं हात नेला की आतून आवाज येतो, “अहो, ते टाकू नका!”

याला कुणी कौतुकानं ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटलं, तर काकू दुखावतात. ते शाळेतलं कार्यानुभव. त्यात करवंटीचं पेनस्टँड व्हायचं, म्हणजे वस्तूचा शेवटी काहीतरी उपयोग व्हायचा. काकूंच्या पानांचा काहीही उपयोग नाही, आणि म्हणूनच ती कला आहे. पुरावा म्हणून त्या पिकासोला उभा करतात. १९१२ मध्ये त्यानं वेताच्या खुर्चीचं विणकाम छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर डकवलं आणि चौकट म्हणून भोवती चक्क दोरी गुंडाळली. काकांचं यावर एकच म्हणणं आहे : त्यानं दोरी गच्चीवरची, ओल्या कपड्यांसकट, कापून आणली नसावी.

कुर्ट श्विटर्स हे काकूंचं दुसरं दैवत. हा हॅनोव्हरचा गृहस्थ ट्रामची तिकिटं आणि असलीच चिठोरी चिकटवून मोठा झाला. म्हणून काकूही बसची तिकिटं जमवतात. पण काळ बदलला. पीएमटीची जुनी रंगीत तिकिटं डिंकाला प्रामाणिक होती. आता यंत्रातून निघतं ते थर्मल कागदाचं. पान लवकर वाळावं म्हणून त्यावर हीट गन धरली की तिकीट डोळ्यांदेखत काळंठिक्कर पडतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा काकू घटकाभर हळहळल्या आणि मग त्या पानाला त्यांनी ‘प्रवास’ असं नाव दिलं. मिक्स्ड मीडियात चूक नसते, फक्त थर वाढतो.

छंद स्वस्त आहे, असं काकू सांगतात. कागद तर रद्दीतला! जुन्या बाजारात त्या रद्दीवाल्या दादांशी किलोमागे दोन रुपयांवरून घासाघीस करतात आणि तिथून तशाच रिक्षा करून अप्पा बळवंत चौकात जातात. तिथे गेसो, मॅट मीडियम, स्टेन्सिल, जेल प्लेट असं सगळं छापील किमतीला, निमूट. वॉशी टेपची तर वेगळी कपाटं झाली आहेत. या टेपचा इतिहास काकांनी खोदून काढला आहे. जपानमधल्या कुराशिकीची कामोई ही कंपनी १९२३ मध्ये माश्या धरायचा चिकट कागद बनवू लागली आणि २००८ मध्ये तिनं रंगीत कागदी टेप बाजारात आणली. माश्यांच्या जागी पुढे कोण चिकटलं, हे काका मोठ्यानं म्हणत नाहीत.

वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं. ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडतो. त्यामुळे काकू महागाचा ॲसिड-फ्री कागद आणतात, जो वर्षानुवर्षं पांढराशुभ्र राहील. मग जुना दिसावा म्हणून तो चहाच्या पाण्यात भिजत घालतात.

घराला खरा फटका बसला तो कालनिर्णयचा. पानामागची एक पाककृती काकूंना चौकोनी कापून हवी होती. ती कापली आणि पुढच्या बाजूची संकष्टी गेली. त्या महिन्यात काकांनी चतुर्थीला तर्रीसकट मिसळ खाल्ली. दुधाच्या खाड्यांचा हिशेबही त्याच भोकातून गेला, आणि दूधवाल्यानं तो स्वतःच्या मनानं लावला.

आर्ट जर्नलमधली मुख्य क्रिया मात्र चिकटवण्याची नाही, झाकण्याची. मनात असेल ते सगळं आधी पानावर लिहून काढायचं आणि मग त्यावर गेसोचा पांढरा थर द्यायचा. म्हणजे मन मोकळं आणि पान तयार. घरातल्यांना याचं गणित आता जमलं आहे. थर पातळ असला तर विषय कामवाली बाई. जाड असला तर नणंद येऊन गेलेली असते. गेल्या दिवाळीनंतर एक पान इतकं जाड झालं की वही मिटेना. काकांनी ते एकदा खिडकीशी उजेडावर धरून पाहिलं. त्यांना ‘तुमच्या आईनं’ एवढंच लागलं.

आणि त्याच आईंचं, म्हणजे काकूंच्या सासूबाईंचं, एक पान वहीत आहे. त्यांच्या हिशेबाच्या वहीतली ‘गूळ, रॉकेल, चिंच’ अशी थरथरत्या अक्षरातली यादी, खाली नऊवारीच्या काठाची जीर्ण पट्टी. बाकी काही नाही. टेप नाही, फुलपाखरू नाही. माझ्या मते काकूंनी केलेलं हे सर्वांत चांगलं पान, आणि त्यांना ते माहीत असावं, कारण ते त्या कुणाला आपणहून दाखवत नाहीत.

सगळ्यात उत्तम सामान मात्र अजून वापरलेलंच नाही. जपानी कागदाचे ताव, मुलानं आणलेली कातडी बांधणीची वही, जुन्या आगपेट्यांची लेबलं, सगळं ट्रंकेत. कारण? “खराब होईल हो!” त्या चांगल्या पानाची वाट बघताहेत. मेरी डिलेनी नावाच्या इंग्रज बाईंनी बहात्तराव्या वर्षी रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली आणि हजाराच्या आसपास केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काकू अजून साठीच्याही नाहीत. म्हणजे ट्रंक बरीच वर्षं उघडायची नाही.

सध्या त्यांना एकच दुःख आहे. लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर येऊ लागल्या. तेव्हा ज्यांच्याकडे यंदा कार्य आहे, त्यांना शेजारी या नात्यानं माझी विनंती : दोन-चार तरी पत्रिका छापा. कागद हातकागद असावा, गणपती सोनेरी आणि उठावाचा. आहेर घेणार नसलात तरी चालेल, काकू आशीर्वाद द्यायला येतीलच. फक्त तारीख आणि कार्यालयाचा पत्ता काकांना वेगळा फोन करून सांगा. पत्रिका घरात आली की संध्याकाळपर्यंत तिचे तुकडे झालेले असतात.