प्लॅटिनमकाका

बोटीवर चढल्यावर लोक आधी समुद्र बघतात. प्लॅटिनमकाका आधी नॅपकिन बघतात. कापडी निघाला तर नुसता हुंकार. कागदी निघाला तर काकूंकडे वळून, "बघ, मी म्हणालो नव्हतो?" या वाक्यातला आनंद ज्याला ऐकू येत नाही, त्याला काका कळले नाहीत.

हे त्यांचं खरं नाव नाही. क्रूझ कंपन्या जुन्या गिऱ्हाईकांना रात्रींच्या हिशेबाने चांदी, सोनं, प्लॅटिनम असे हुद्दे देतात आणि काकांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर फंडाचा बराचसा भाग या बढतीपायी पाण्यात घातला. कार्ड कायम गळ्यात. त्या कार्डावर वेगळ्या रांगेतून चढता येतं, एक पिशवी कपडे फुकट धुऊन मिळतात आणि संध्याकाळी एका खास दालनात बसता येतं. दुःख एवढंच, की हल्ली बोटीवर प्लॅटिनम नसलेला माणूस शोधावा लागतो. खास रांग साध्या रांगेपेक्षा लांब असते. काका तिच्यातच उभे राहतात. सवलतीपेक्षा रांगेचं नाव मोठं.

गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर बार्सिलोनाहून निघणाऱ्या भूमध्य समुद्राच्या सफरीवर जायचा योग आला. काका बंदरावर उतरत नाहीत हे तिथे कळलं. रोमचं म्हणून जे बंदर दाखवतात ते चिविटावेक्किया रोमपासून 70-80 किलोमीटर लांब, म्हणजे निम्मा दिवस बसमध्ये. नेपल्स बघून झालेलं. आणि पॉम्पेई? "पडकी आहे." शिवाय सगळे खाली उतरले की बुफेला गर्दी नसते, आणि काय काय बिघडलंय हे शांतपणे तपासता येतं.

बुफेच्या दाराशी एक हसरी मुलगी जंतुनाशकाची बाटली घेऊन गाणं म्हणत उभी असते. काका तिला थांबवून सांगतात की नोरोव्हायरसला हे नुसतं स्पिरिट पुरत नाही, साबण-पाण्याने हात धुवावे लागतात. हे अगदी खरं आहे. काकांची पंचाईत हीच, की त्यांची निम्मी तक्रार खरी असते. मध्यरात्रीचा बुफे आणि त्यातले बर्फात कोरलेले हंस बहुतेक बोटींवरून गेले, हे खरं. पूर्वी खोली दिवसातून दोनदा आवरायचे, आता बऱ्याच ठिकाणी एकदाच, हेही खरं. उशीवरचं चॉकलेट आणि टॉवेलचा हत्ती यांचीही खात्री राहिलेली नाही. चांगलं जेवायचं तर वेगळ्या रेस्टॉरंटात वेगळे पैसे मोजा. आणि गर्दी! 2024 साली निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'ला 20 डेक आहेत आणि खच्चून भरली तर ती 7,600 प्रवासी नेते. काकांच्या मते ही बोट नव्हे, ही डोंबिवली फास्ट.

पण नोंद करण्याजोगा प्रसंग घडला तो शेवंडीच्या रात्री. सफरीत एकदा मोठ्या डायनिंग रूममध्ये लॉब्स्टर मिळतो. त्या रात्री काका कोट घालतात. काका मूळचे मालवणचे, त्यामुळे ताटात आलेल्या त्या तुकड्याकडे त्यांनी आधी चष्मा लावून, मग चष्मा काढून पाहिलं. शेजारी तर्जनी धरली. दोन पेरं भरली. "आमच्याकडे एवढी शेवंड जाळ्यात आली, तर मोठी होऊन ये म्हणून परत सोडतात," असं ते आम्हाला म्हणाले आणि वेटरला हाक मारली.

वेटर गोव्याचा, सासष्टीचा. गोव्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात आली आहेत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावोगावचे 'कूड' आहेत, बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं. या मुलाचे आजोबाही त्यातलेच. त्याच्याशी काका मालवणीत बोलत आणि तो कोकणीत उत्तर देई. दोघांनाही ही मोठी सोय होती, कारण पलीकडच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याला काही कळत नसे.

"झिला, ह्या सूप थंड कित्याक?"

"हाडटां सर, दुसरें हाडटां."

दुसरं आलं. तेही थंड. ते गार सूपच होतं, गाझपाचो. काकांनी ते संपवलं आणि "चव बरी आहे, पण गरम करायला पाहिजे होतं" असा शेरा मारला. एवढ्यात पोराने न मागता आतून वरणाची वाटी, भात आणि भाजलेला पापड आणून ठेवला. मेनूत याचा उल्लेख नव्हता. काका गप्प झाले. दोन वाट्या वरण गेल्यावर म्हणाले, "हिंग कमी आहे."

मग काकू बोलल्या. काकू एरवी बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं एक वाक्य महाग पडतं. "ह्यांच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून मालवणला बोटीने जायचे. डेकवर, ट्रंकेला टेकून. सोबत भाकरी आणि लसणीची चटणी. रात्रभर ह्यांना बोट लागायची, आणि सकाळी पडावात उतरताना एक चप्पल समुद्रात गेली ती गेलीच. तेव्हा कुणाकडे तक्रार केलीत?"

"तेव्हा मी प्लॅटिनम नव्हतो," काका म्हणाले.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म येतो. आदल्या रात्री तो पोरगा हळूच सांगून गेला होता की दहाच्या खाली आकडा गेला की वरचा साहेब बोलावून घेतो. सात-आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही, आंतरराष्ट्रीय नियमाने दिवसातून किमान 10 तासांची विश्रांती मिळायला हवी तेवढीच. काकांनी सगळं ऐकलं, हळहळले आणि सात गुण दिले. दहापैकी दहा ते देवालाही देत नाहीत. बऱ्याच कंपन्या माणशी रोज 16 ते 20 डॉलर टिप आपोआप बिलाला लावतात. ती काढून टाकायला निघतो अशी धमकी काका प्रत्येक सफरीत देतात आणि काकू प्रत्येक सफरीत त्यांच्या हातातून कार्ड काढून घेतात. याउपर काकांनी त्या मुलाच्या हातात एक पाकीट ठेवलं, तेही आम्ही बघत नाही असं समजून.

दुपारी काका दिसेनात. शोधत गेलो तर पाचव्या डेकवर पुढच्या सफरी विकणाऱ्या टेबलापुढे बसलेले. बोटीवरच आगाऊ बुकिंग केलं की थोडी सवलत मिळते. समोरच्या बाईंना त्यांनी नॅपकिनपासून शेवंडीपर्यंत अर्धा तास ऐकवलं होतं आणि बाई मान डोलवत टाइप करत होत्या. डिसेंबर. हीच बोट, हाच मार्ग.

"काही खास विनंती?" बाईंनी विचारलं.

"टेबल हेच. आणि वेटर तोच."

बाईंनी स्क्रीन पाहून सांगितलं की त्याचा करार नोव्हेंबरात संपतो, नाताळला तो घरी असेल.

काकांनी पेन खाली ठेवलं. "सुट्टी? मला न विचारता?"