नंबर घरीच असतो

पुण्याहून मुंबईला जाताना वाटेत कुठेतरी मोबाईलची सरहद्द लागायची, हे आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र, गोव्यासकट, दुसरं. त्यामुळे दादरला बहिणीकडे गेलेला पुणेकर कंपनीच्या लेखी परमुलखात असे आणि पैसेही परमुलखाचेच पडत. फोन करायचे पडत तसे आलेला उचलायचेही. पण त्या काळात एक मोठी सोय होती. "रोमिंगवर आहे, नंतर बोलतो" एवढं म्हणून फोन ठेवता यायचा आणि समोरच्याला राग येत नसे. उलट तोच ओशाळून म्हणायचा, "अरे, मग उचललास कशाला?" नको असलेलं बोलणं टाळायला इतकं सभ्य कारण मराठी माणसाला त्यानंतर मिळालेलं नाही.

देशातलं रोमिंग गेलं. आता ते वाक्य वापरायचं तर पासपोर्ट काढावा लागतो.

परदेशी निघालं की व्हिसाबद्दल सांगणारे एकदोघे भेटतात. फोनबद्दल सगळेच सांगतात. कुणी म्हणतं, इथूनच पॅक मारून जा, डोक्याला ताप नको. कुणी म्हणतं, छे, तिथे उतरल्यावर सिम घ्या, निम्म्यात काम होतं. आणि एक पंथ असतो तो वायफायवाल्यांचा. हे लोक काहीच घेत नाहीत. फोन विमान मोडवर टाकून ते अख्खा देश बघून येतात. निघण्याआधी नकाशे उतरवून घेतात, हॉटेलात शिरल्यावर खोलीच्या किल्लीआधी पासवर्ड मागतात आणि रात्री कॉफीच्या बंद दुकानाबाहेर उभे राहून नातवाला फोटो पाठवतात. मला या पंथाबद्दल आदर आहे. त्यांची कोंडी फक्त काही विमानतळांवर होते. तिथलं वायफाय फुकट असतं, पण ते सुरू करायला मोबाईलवर आलेला कोड टाकावा लागतो, आणि मोबाईल तर विमान मोडवर.

तिथे उतरून सिम घेण्यातली गंमत बँकॉकला बघावी. सामान घेऊन बाहेर आलं की सिमवाल्यांचे काउंटर ओळीने मांडलेले असतात. पासपोर्ट दाखवायचा, दिवस सांगायचे, फोन हातात द्यायचा. काउंटरवरची मुलगी टाचणीसारखी सुई खुपसून ट्रे बाहेर काढते, आपलं सिम नखाच्या टोकाने उचलते आणि एका कार्डावर चिकटपट्टीने डकवून परत देते. हे सगळं ती आपल्याकडे न बघता करते. पुढचा आठवडाभर मात्र ती चिकटपट्टी जपायची जबाबदारी आपली, कारण बँक, आधार, गॅस, सोसायटी असा आपला सगळा संसार त्या नखाएवढ्या तुकड्यावर असतो. घराची किल्ली शेजारी ठेवून येणारा माणूस हे कार्ड पाकिटात देवाच्या फोटोमागे ठेवतो. दोन सिमांचा फोन असला तर हा प्रश्न येत नाही, आणि तो आपल्याकडे पुष्कळांपाशी असतो. आता ई-सिम आलं, त्यात तर सुईही लागत नाही. चौकटीचं चित्र स्कॅन केलं की झालं.

युरोपात आणखी एक मौज आहे. 15 जून 2017 पासून युरोपीय संघात रोमिंगचा वेगळा आकार बंद झाला. पॅरिसला घेतलेलं सिम रोमला, व्हिएन्नाला साधारण त्याच भावात चालतं. पण आपल्या सहलींचा जीव अडकलेला असतो स्वित्झर्लंडमध्ये, आणि स्वित्झर्लंड संघात नाही. शेंगेनमध्ये मात्र 2008 पासून आहे. म्हणजे बस बासेलजवळ सरहद्द ओलांडते तेव्हा बहुधा पासपोर्ट कुणी विचारत नाही, ड्रायव्हर वेगही फारसा कमी करत नाही. पण त्या सिमात स्वित्झर्लंड धरलेलं नसेल तर फोन अडतो. माणसांसाठी पुसलेली रेघ टॉवरांनी जपून ठेवली आहे. आल्प्सचं पहिलं शिखर दिसावं आणि बसमध्ये चाळीस माणसांनी खाली मान घालून सेटिंग उघडावं, असं ते दृश्य असतं.

दुबईत वेगळंच. तिथे व्हॉट्सॲपवर लिहिता येतं, फोटो जातात, पण त्यावरून फोन लागत नाही. तिथल्या नियमांत ते बसत नाही. मग आवाजी निरोप सुरू होतात. आत्या आपलं म्हणणं संपूर्ण मांडते, मध्ये कुकरच्या शिट्ट्या होतात, त्या ती मोजते आणि पुढे बोलते. आपण सगळं ऐकून उत्तर भरतो. कुणी कुणाला मध्येच तोडत नाही. आमच्या घराण्यात इतका शिस्तीचा संवाद एरवी होत नाही.

हे सगळे उपाय मात्र आपण काय करणार याचे आहेत, आणि खर्च खरा होतो तो दुसऱ्यांमुळे. माणूस परदेशी जातो, त्याचा नंबर घरीच असतो. कुरियरवाल्याला, विम्याच्या मुलीला, पाण्याच्या टँकरवरून तापलेल्या सेक्रेटरींना आपण स्वित्झर्लंडात आहोत हे कोण सांगणार? ते आपले दहा आकडे फिरवतात. भारतातून येणारा एसएमएस रोमिंगमध्ये बहुधा फुकट असतो, वाजून बंद झालेल्या फोनचेही साधारणपणे पैसे पडत नाहीत. उचलला की, पॅक नसेल तर, मिनिटाला भुर्दंड. म्हणून जाणती माणसं भारतातलं सिम फक्त ओटीपीपुरतं चालू ठेवतात, त्यावरचा डेटा बंद करतात आणि वाजणाऱ्या फोनकडे नुसतं बघत राहतात. घंटा संपेपर्यंत न उचलता बघत राहायला मन घट्ट करावं लागतं. बंद झाल्यावर व्हॉट्सॲपवर विचारायचं, काय काम होतं?

पण गॅस सिलिंडर थांबत नाही. त्याचा चार आकडी कोड आपल्या नंबरवर येतो आणि तो सांगितल्याशिवाय सिलिंडर मिळत नाही. इंटरलाकेनला सकाळचे साडेसात, म्हणजे उन्हाळ्यात पुण्याचे अकरा. समोर पाव, चीज आणि युंगफ्राउ. फोन वाजला, शेजारच्या काकू. उचलणं भाग होतं, माणूस दारात उभा होता.

"अरे, गॅसवाला आलाय, नंबर मागतोय."

मी आकडे सांगितले. काकूंनी ते मोठ्याने त्याला सांगितले, त्याने परत विचारले, काकूंनी परत सांगितले. टाकी आत गेल्याचा आवाज आला. त्याला सुट्टे देऊन झाले.

"हां, बोल. थंडी कितपत आहे तिकडे?"

"बरीच आहे काकू. ठेवू का?"

"जेवणाचं काय? पोळी मिळते का रे?"

"काकू, बिल होतंय."

"अरे बोल की निवांत! फोन मी लावलाय, पैसे माझे जाताहेत."