चालक भारतीय, गाडी परप्रांतीय

आपल्या देशात माणसाला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला जाताना सहसा कुणाची परवानगी लागत नाही आणि त्याच्या लायसन्सलाही लागत नाही. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं तेरावं कलम सांगतं, की कुठल्याही राज्यात काढलेलं लायसन्स भारतभर चालतं. बंगळुरात क्लचवर बसलेला पाय पुण्यातही बिथरणार नाही, असा विश्वास कायद्याने टाकलेला आहे. (पुण्यातली वाहतूक पाहता तो जरा भाबडाच म्हणायचा.) शेहेचाळिसाव्या कलमात हीच उदारता गाडीच्याही वाट्याला येते: एका राज्यातली नोंदणी देशभर वैध. वाचणारा सुखावतो न सुखावतो तोच सत्तेचाळिसावं कलम उभं राहतं. परराज्यात मुक्काम बारा महिन्यांपलीकडे गेला, की नवा नंबर घ्या. तेराव्या महिन्यात चालक भारतीयच राहतो. गाडी मात्र ‘कर्नाटक पासिंग’ ठरते आणि चौकातल्या हवालदाराला ती लांबूनच ओळखू येते.

बारा महिन्यांत गाडीचे ब्रेक बदलत नाहीत, इंजिन बदलत नाही. बदलतो तो कराचा धनी. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात वाहनांवरचा कर राज्यांच्या सूचीत आहे, आणि खासगी गाडीचा हा कर राज्यं बहुधा एकरकमी, गाडीच्या सगळ्या आयुष्याचा, पहिल्याच दिवशी घेऊन ठेवतात. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या नव्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, म्हणजे आठ लाखांच्या गाडीला 88 हजार. घरमालकाने पंधरा वर्षांचं भाडं आगाऊ घ्यावं, भाडेकरूने पाचव्या वर्षी खोली सोडली तर ‘आधी नव्या मालकाला पैसे देऊन त्याची पावती आणा, मग बघू’ म्हणावं, तसा हा व्यवहार आहे. नवं राज्य गाडीचं वय पाहून कर कमी लावतं, हे कबूल. पण जुन्या राज्याकडचा उरलेला कर आपल्या पायांनी चालत येत नाही. त्यासाठी आधी एनओसी, त्याआधी कर्ज असेल तर बँकेचं पत्र, चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा, मग नव्या आरटीओत नोंदणी, आणि मग परताव्याचा अर्ज, तोही सोडून आलेल्या गावी. कर्नाटकाने तर 2014मध्ये करापुरती बारा महिन्यांची सवलत तीस दिवसांवर आणली होती. 2016मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली; पण सगळा जीव कशात गुंतला आहे, हे तेवढ्यात दिसून गेलं.

यावर सांगितलं जातं, की एनओसी चोरीच्या गाड्या रोखण्यासाठी असते. असेलही. पण ‘वाहन’ या संगणकप्रणालीवर देशातल्या बहुतेक राज्यांच्या नोंदी एकत्र आहेत. एका आरटीओने दुसऱ्या आरटीओला विचारायचं ते नागरिकाच्या हातून कागद पाठवून का विचारावं? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रस्ते राज्यं बांधतात, तेव्हा ज्याच्या रस्त्यावर गाडी झिजते त्याला कर मिळालाच पाहिजे. नाहीतर लोक स्वस्त राज्यात नोंदणी करून महाग राज्यात फिरतील. तसे फिरलेही. पुदुच्चेरीचा पत्ता दाखवून केरळात फिरणाऱ्या आलिशान गाड्यांवर गुन्हे नोंदवले गेले आहेत. पण ही पळवाट तयार केली ती आजीवन करानेच. राहाल तितक्या काळाचा कर तिथेच, असं ठरलं तर पुदुच्चेरीत पत्ता कोण शोधेल?

आणि हे सरकारला सुचलेलं नाही, असंही नाही. सप्टेंबर 2021पासून ‘बीएच’ मालिका सुरू झाली: कर दोन-दोन वर्षांचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. बीएच म्हणजे भारत. मात्र हा भारत मिळतो तो संरक्षण दलांना, सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतल्या कर्मचाऱ्यांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरदारांना. सोलापूरहून हैदराबादला गेलेला शिंपी किंवा पणजीत क्लास काढणारी शिक्षिका यांच्या मालकाचं ऑफिस चार राज्यांत नसतं. त्यांना मालकच नसतो. बदल्या सरकारच करतं म्हणून सरकारी माणसाला सोय हवी, हा युक्तिवाद ऐकायला ठीक आहे. पण पोटासाठी स्वतःच स्वतःची बदली करणाऱ्याला बदलीभत्ता कुणी देत नाही, सामानाचा ट्रक तो स्वखर्चाने आणतो, आणि नव्या राज्यात पाऊल ठेवल्यावर कराची पावतीही त्यानेच आधी फाडायची. सरकारला पैसे घ्यायचे असतात तेव्हा गोष्ट वेगळी. फेब्रुवारी 2021पासून राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलनाक्यावर फास्टॅग सक्तीचा आहे. कुठल्याही पासिंगच्या गाडीकडून तो क्षणात पैसे कापतो आणि मालकाचा पत्ता, बँकेचं पत्र, चेसिसचा ठसा यांपैकी काहीही मागत नाही. पैसे उलट्या दिशेने न्यायचे असले, की मात्र फाइल लागते.