साखर धावबाद

मराठी माणसाला ‘टॉलरेट’ येतं, ‘पुट अप विथ’ येत नाही. ‘पोस्टपोन’ येतं, ‘पुट ऑफ’ म्हटलं की तो दिव्याच्या बटणाकडे बघतो. ‘इन्व्हेस्टिगेट’ तर त्याला स्पेलिंगसकट पाठ, पण ‘लुक इनटू’ ऐकलं की नेमकं कशात डोकवायचं ते कळेना. यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. त्याच्याकडे इंग्रजी आली ती कचेरीतून, कोर्टातून आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून. ‘आय बेग टु स्टेट’ने उघडणारा आणि ‘डू द नीडफुल’ला संपणारा अर्ज तो झोपेतही खरडेल. चार वाक्यं गप्पा मारायची वेळ आली की मात्र घाम फुटतो. कारण साहेब घरात ही भारदस्त, लॅटिन वळणाची क्रियापदं फारशी वापरतच नाही. गेट, पुट, टेक, गो असली किरकोळ क्रियापदं घ्यायची, मागे अप, डाउन, ऑन, ऑफ लावायचं, की झाला त्याचा संसार सुरू.

यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव रुळलं ते लोगन पिअरसल स्मिथ यांच्या 1925 च्या पुस्तकानंतर. ते सुचवल्याचं श्रेय त्यांनी ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. दुखणं मात्र त्याहून पुष्कळ जुनं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच सांगून ठेवलंय की परक्यांना सर्वांत जड जातो तो हाच प्रकार. निदान तेव्हाच झालं. औषध क्लासवाले अजून शोधताहेत.

तोवर ते याद्या पाठ करायला देतात. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणं, ‘लुक अप टु’ म्हणजे आदर बाळगणं, ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणं. इथे ‘लुक’ नावापुरतंच. नवरदेव बाजूला राहावा आणि करवल्यानेच भाव खावा, तसली तऱ्हा. तरी विद्यार्थी खूश असतो. वर पाहिलं की आदर, खाली पाहिलं की तुच्छता, हिशेब जुळतो.

मग ‘गो ऑफ’ येतं आणि हिशेब बोंबलतो. पहाटे गजर झाला, तर तो ‘गो ऑफ’ झाला. लाइट गेली, तीही ‘गो ऑफ’. दूध नासलं तर, निदान लंडनमध्ये, तेही ‘गो ऑफ’च. एक गोष्ट सुरू झाली, एक बंद पडली, एक फाटली. तिघींना मिळून क्रियापद एकच!

शिवाय कुठला शब्द कुठे बसवायचा, याचं त्रांगडं आहेच. ‘टर्न ऑफ द फॅन’ चालतं, ‘टर्न द फॅन ऑफ’ही चालतं. पण पंख्याच्या जागी ‘इट’ आलं की त्याला मधेच बसवायचं: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ म्हटलं की सर चष्म्यावरून बघतात. मराठी घरांनी ही कटकट केव्हाच मिटवून टाकली. त्यांनी साहेबाचं क्रियापदच उडवलं. ‘पंखा ऑफ कर’, ‘गीझर ऑन राहिलाय बघ.’ आणि बाकीच्यांची सरळ नामंच उचलली: चेकअप, फॉलोअप, ब्रेकअप, झालंच तर स्कूटरचं पिकअप.

खरी परीक्षा व्हिसा मिळाल्यावर. एक निवृत्त हेडक्लार्क लेकीकडे न्यू जर्सीला गेले. सकाळी नात म्हणाली, ‘आजोबा, वी हॅव रन आउट ऑफ शुगर.’ आजोबांचं अर्धं आयुष्य रेडिओला कान लावून क्रिकेटचं समालोचन ऐकण्यात गेलेलं. रनआउट म्हणजे धावबाद. आता साखर धावबाद झाली ती कुणाच्या थ्रोवर? नातीने रिकामा डबा नाकासमोर धरला, तेव्हा उलगडा झाला.

संध्याकाळी शेजारच्या गोऱ्या गृहस्थांना ते अभिमानाने म्हणाले, ‘आय पास्ड आउट इन 1974.’ गृहस्थांचा चेहरा उतरला. आता तब्येत बरी आहे ना, अशी त्यांनी काळजीने चौकशी केली. अमेरिकेत ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं. आजोबा हार मानणाऱ्यांतले नव्हते. खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते. तिथे कॅडेट ताठ मानेने संचलन करतात, भोवळ येऊन पडत नाहीत, हे त्यांनी ठासून सांगितलं. त्यांचंही बरोबरच होतं. लष्करी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणं, हा अर्थ मूळचा ब्रिटिशांचाच. आपण तो कॉलेजपर्यंत ताणला, इतकंच.

वचपा काढायला आजोबांनी त्या शेजाऱ्याला मराठी शिकवायला घेतली आणि सुरुवातच केली ‘काढणे’पासून. फोटो काढतात, कर्ज काढतात, झोप काढतात, समजूत काढतात, पळही काढतात. शेजाऱ्याने मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. ‘बोलून टाक’ला ‘कुठे टाकू?’ एवढंच विचारलं. पण ‘तो लग्न करून बसला’पाशी त्याची पेन्सिल थांबली.

‘कुठे बसला?’

आतून आजींचा आवाज आला, ‘सोफ्यावर. चहा मागतोय.’